तीन ब्रास मुरूम

सगळं रामायण तीन ब्रास मुरमावरून घडलं. आमच्या फाटकातून डंपर आत जाईना, म्हणून डंपरवाल्याने मुरूम बाहेर रस्त्याच्या कडेला ओतला आणि तो निघून गेला. तिथून तो चाळीस पावलं आत अंगणात न्यायचा, पसरायचा आणि पाणी मारून चोपायचा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यामुळे ढीग चांगला दांडगा होता. चुलतभाऊ म्हणाला, "जेसीबी बोलव. पानाला चुना लावस्तवर काम उरकंल." बायको म्हणाली, "दोन गडी लावा, दोन दिवसांत होईल." दोन्ही सल्ले इतके शहाणपणाचे होते की ते मला पटणं शक्यच नव्हतं. मी जुना मिनी ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं.

खरं तर ते आधीच ठरलेलं होतं, मुरूम नुसता निमित्ताला आला. बँकेतून २०२२ साली निवृत्त झालो आणि पुण्याहून खटाव तालुक्यातल्या गावी जाऊन-येऊन राहायला लागलो. वाटणीत जुनं घर आणि त्याभोवतीची २७ गुंठे जमीन आली होती. नोकरीची ३१ वर्षं मी ट्रॅक्टरची कर्जप्रकरणं केली. कोटेशन, सातबारा, जामीनदार, मार्जिन मनी सगळं तोंडपाठ, पण ट्रॅक्टरच्या सीटवर एकदाही बसलो नव्हतो. पंगतीत जन्मभर वाढप्याचं काम केलेल्या माणसाला कधीतरी पानावर बसावंसं वाटणारच.

त्यात रात्री फोनवर अमेरिकेतल्या एका गृहस्थाचे व्हिडिओ बघायची सवय लागली. हा चौकड्यांचा शर्ट घालून न्याहारीच्या आधी छोट्या ट्रॅक्टरवर बसतो, ओंडके हलवतो, बर्फ लोटतो, खडी पसरतो आणि मग कॉफी पितो. त्याच्या ट्रॅक्टरला पुढे सुपासारखी मोठी बादली आहे. ढिगात खुपसली की भरते, एक दांडी ओढली की वर जाते आणि हवी तिथे रिकामी होते. घाम नाही, गडी नाही, घमेलं नाही. हे पुढचं सूप लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

जुन्या ट्रॅक्टरच्या बाजाराची एक स्वतंत्र भाषा आहे. 'सिंगल हँड' म्हणजे आरसीवर नाव एकाचं. वापरला मात्र दोन भाऊ, एक मेहुणा आणि बदलत जाणारे गडी यांनी. 'फुल कंडिशन' म्हणजे रंग नवा. 'कागद क्लिअर' म्हणजे कागद आहेत. आणि 'इंजिनला हात लावलेला न्हाई' हे तर शब्दशः खरं असतं, कारण ऑइल बदलायलासुद्धा कुणी लावलेला नसतो.

विट्याच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका मोकळ्या जागेत बरेच ट्रॅक्टर ओळीने उभे होते. तिथल्या एजंटाने मला लांबूनच ओळखलं. मला म्हणजे माझ्या जातीच्या गिऱ्हाइकाला: इस्त्रीचा शर्ट, पायात सँडल, हातात डायरी. त्याने थेट एका १८ हॉर्सपॉवरच्या तीन सिलिंडरवाल्याजवळ नेलं. "तासगाव साईडचा हाय सायब. बागायतदाराचा. नुसता द्राक्षाच्या फवारणीला वापरलाय. नांगराचं तोंडसुदिक बघितलं न्हाई." मॉडेल २०१३चं. तास मोजायचा मीटर ११८७ वर थांबलेला.

"मीटर बंद आहे," मी म्हणालो.

"पर इंजन चालू हाय," तो म्हणाला. "उलटं असतं तर?"

याला उत्तर नव्हतं. मी डायरीत '११८७' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

चुलतभावाने शहाणपणा करून गावातल्या फिटरला बरोबर घेतलं होतं. हा माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलतो आणि त्यांतली सहा पान्याशी. आमचे आजोबा खरसुंडीच्या जत्रेतून खिलार जोडी आणायचे, तेव्हा ते म्हणे आधी बैलाकडे बघतच नसत, मालकाकडे बघत. फिटरने तसंच केलं. एजंटाला नमस्कार केला, तंबाखू मळली आणि सहज हात ठेवल्यासारखा बॉनेटवर तळवा ठेवला.

"ह्येला ताप हाय," तो म्हणाला.

एजंट म्हणाला, सकाळी धुवायला जरा पुढं घेतला होता. "मग निवू द्या," फिटर म्हणाला आणि बाभळीखाली जाऊन बसला. गार इंजिन एका फटक्यात सुरू होतं का, हीच खरी परीक्षा. म्हणून विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी ट्रॅक्टर तापवून ठेवतो, हे मला त्या बाभळीखाली कळलं. दीड तास गेला, चहा दोनदा झाला. मग त्याने स्टार्टर मारला. तिसऱ्या खेपेला इंजिन खोकत उठलं. धूर काळा येऊन लगेच विरळ झाला तेव्हा फिटरची मान बारीकशी हलली. निळा आला असता तर इंजिन ऑइल पीत असतं, पांढरा राहिला असता तर आणखी वेगळी दुखणी. ऑइल भरायचं टोपण उघडून त्याने तिथे हात धरला आणि आतून येणारा वारा जोखला. मग मडगार्डच्या आतल्या अंगाला नखाने खरवडलं. निळसर पांढरी खपली निघाली.

"बोर्डो," तो म्हणाला.

मोरचूद आणि चुना. म्हणजे फवारणीची गोष्ट खरी होती. पण 'नुसता फवारणीला' यातला 'नुसता' खोटा होता. फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनने फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर, चालतो. तो मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरवायचा तर इंजिन चढं ठेवावं लागतं. ट्रॅक्टर वेलींच्या रांगांतून गोगलगाईसारखा सरकत असतो आणि इंजिन मात्र दिवसभर ओरडत असतं. बाग म्हणजे काही त्याचं माहेर नव्हे.

मग मागच्या लिफ्टची पाळी आली. फिटरने मागच्या दोन दांड्यांत आडवा बार अडकवला, लिफ्ट वर घेतली, इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे वजनकाट्यासारखी नजर टाकली.

"सायब, किती किलो?"

"चौऱ्याऐंशी."

"ऱ्हावा हुबं."

मडगार्ड धरून मी त्या बारवर उभा राहिलो. दहा मिनिटं. रस्त्यावरून जाणारी एसटी हळू झाली. अनावरणाची वाट बघणाऱ्या पुतळ्यासारखा मी सरळ समोर बघत होतो आणि सावकाश, अगदी सन्मानाने, खाली येत होतो. दहा मिनिटांत दोन बोटं. "सील गेल्यात. लई न्हाई," फिटरने निकाल दिला. ते मला उद्देशून नव्हतं, असं मी धरून चालतो.

लिफ्टच्या या तीन दांड्यांच्या (खाली दोन, वर एक) जोडणीचं श्रेय हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाला जातं. त्याआधी नांगर मागे नुसता ओढत न्यायचा. फाळ खडकात अडकला की ट्रॅक्टर पुढून उचलायचा आणि चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा. फर्ग्युसनने नांगर ट्रॅक्टरच्या अंगालाच जोडून टाकला. १९३८ साली त्याने हेन्री फोर्डशी नुसते हात मिळवून करार केला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा ट्रॅक्टर बाजारात आला. फोर्डच्या नातवाने तो करार पुढे चालवला नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९५२ साली फर्ग्युसनला तडजोडीचे ९२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. हात मिळवून केलेल्या व्यवहाराचं मोल त्याला चौदा वर्षांनी कळलं. मला चौदा सेकंद पुरले.

झालं असं, की एजंट सव्वादोन लाखांवर अडला होता आणि आम्ही एक पंच्याण्णववर. माणसं जमली होती. तेव्हा त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी दोन बोटं घट्ट धरली. जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून सौदा करतात, म्हणजे भोवतीच्या गर्दीला आकडा कळत नाही, हे मी ऐकून होतो. पण आजोबांनी ती विद्या वडिलांनाच शिकवली नाही, मला कुठून येणार? मला वाटलं, माणूस भावुक झाला. मी बँकेच्या सवयीने त्याचा अख्खा पंजा हातात घेतला आणि दोनदा प्रेमाने दाबला.

एजंटाचा चेहरा उजळला. टॉवेल बाजूला करून तो गर्दीला म्हणाला, "झालं! सायबांनी मन मोठं केलं."

दोन बोटं म्हणजे दोन लाख. तो दोनवर उतरला होता. पाच बोटं म्हणजे वर पाच हजार, ते माझे. गेल्या शंभर वर्षांत टॉवेलाखाली स्वतःहून भाव वाढवणारं हे पहिलंच गिऱ्हाईक, असं चुलतभावाने परतताना सांगितलं. फिटर काही बोलला नाही, पण त्याचे खांदे घाटभर हलत होते.

कागदांची कथा वेगळीच. आरसीवर बँकेचा बोजा दिसत होता. कर्ज कधीच फिटलं होतं, बोजा उतरवायचं मात्र राहून गेलं होतं. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांवर सह्या झाल्या. बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म बँकेकडून आणायचा होता. शाखेचं नाव वाचलं आणि मी खाली बसलो. त्या शाखेत मी तीन वर्षं काढली होती, आणि साल होतं २०१३.

शाखेतल्या तरुण अधिकाऱ्याने मला ओळखलं नाही. "काका, जुनी फाईल आहे, शोधावी लागेल. गुरुवारी या." हे वाक्य मी हजारो लोकांना ऐकवलं आहे. वार तेवढा बुधवार असायचा. गुरुवारी फाईल निघाली. तिच्यात माझ्याच अक्षरात तपासणी अहवाल होता: 'ट्रॅक्टर प्रत्यक्ष पाहिला. स्थिती उत्तम. वापर शेतीसाठी.' खाली माझी सही, शिक्का, तारीख. त्या दिवशी मी शाखेबाहेर गेलो असेन तर चहाला. म्हणजे या ट्रॅक्टरची आणि माझी पहिली भेट व्हायची होती ती तेव्हाच. दहा वर्षं उशिरा झाली आणि तिचे दोन लाख पाच हजार पडले.

ट्रॅक्टर घरी आला. बायकोने ओवाळलं, नारळ फोडला आणि पुढे-मागे फिरून बघितलं. मग विचारलं, "आणि मुरूम उचलायचा कशाने?"

मी ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन उभा राहिलो. तिथे बंपर होता, दोन दिवे होते, लिंबू-मिरची होती. सूप नव्हतं. आपल्याकडचा मिनी ट्रॅक्टर मागून जगतो: नांगर, रोटाव्हेटर, ब्लोअर, ट्रॉली, सगळं पाठीमागे. अमेरिकेतल्या त्या गृहस्थाचं सूप ही त्याची वेगळी चैन होती. ही गोष्ट मला विट्यात कुणीच सांगितली नाही, कारण मी ती कुणाला विचारलीच नव्हती.

शेजाऱ्यांनी रोटाव्हेटर देऊ केला, तो पाच फुटी. अठराच्या ट्रॅक्टरला तो लावणं म्हणजे शिंगराला डंपर जुंपणं. शेवटी भावाची छोटी ट्रॉली मागून आणली. दोन गडी लावले. त्यांनी दोन दिवस घमेल्यांनी ट्रॉली भरली. चाळीस पावलं ट्रॅक्टर चालवायचं काम माझ्याकडे होतं.

पुढे चालवणं सोपं असतं. ट्रॉली मागे घेणं ही साधना आहे. स्टीअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते. हे समजतं, पण हातांना समजत नाही. पहिल्या दिवशी मी जास्वंद घेतली, दुसऱ्या दिवशी पाण्याची टाकी थोडक्यात वाचली. सातव्या खेपेला गडी "डावं, डावं" ओरडत होते, बायको "उजवं, उजवं" ओरडत होती. मी लोकशाही पद्धतीने सरळ ठेवलं आणि ट्रॉलीचा मागचा कोपरा फाटकाच्या दगडी खांबावर बसला. खांब आजोबांनी बांधलेला. तो घाई न करता, आधी थोडा विचार करून, पडला.

तेवढ्यात पावसाचे दिवस आले. ट्रॅक्टर उघड्यावर ठेवता येईना, म्हणून पत्र्याची शेड घातली. शेडच्या तळाला भर हवी होती. मुरूम समोरच होता. तिन्ही ब्रास त्यात गेले. आता ट्रॅक्टर कोरड्या, चोपलेल्या, उंच जमिनीवर उभा राहतो आणि आम्ही अंगणातल्या चिखलातून विटा टाकून त्याच्यापर्यंत जातो. बॅटरी उतरलेली असली तर उतारावरून ढकलायला सोपं जावं, म्हणून शेडचा तोंडाकडचा भाग मुद्दाम उतरता ठेवला आहे. ही सूचना फिटरची. त्याचा आमच्या यंत्रावर पूर्ण विश्वास आहे.

गेल्या महिन्यात अंगणासाठी पुन्हा तीन ब्रास मुरूम सांगितला. तोच डंपरवाला आला. सवयीने त्याने रस्त्याच्या कडेला गाडी लावली, खाली उतरला, खांब नसलेल्या फाटकाकडे बघितलं, पावलांनी रुंदी मोजली. मग डंपर मागे घेतला आणि एका दमात, कुठेही न लागता, थेट अंगणाच्या मधोमध रिकामा केला.

"बरं केलंत," पैसे मोजून घेताना तो म्हणाला. "ह्यो खांब म्या मागल्या टायमालाच पाडा म्हनणार हुतो. पाडायला किती आला खर्च?"