शास्त्रोक्त कपलर-बदल विधी

प्रस्तुत विधी अमेरिकेत तळघर बाळगून असलेल्या आणि गराज सेलमधून १९६०-७० च्या सुमाराची एचओ मापाची आगगाडी उचलून आणलेल्या सद्गृहस्थांसाठी आहे. एचओ म्हणजे मूळ गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी. तिला खेळणं म्हणणाऱ्यांनी पुढे वाचू नये.

या गाडीच्या प्रत्येक डब्याला दोन्ही टोकांना डबे जोडणारा प्लास्टिकचा एक वाकडा हात, म्हणजे कपलर, असतो. हा हॉर्न-हूक; दप्तरी नाव एक्स-टू-एफ. करायला स्वस्त, वर पेटंटचे पैसे कुणाला द्यायला नकोत, म्हणून १९५० च्या दशकापासून कारखानदारांनी तो सर्रास लावला. ओढताना तो बरा वागतो. ढकलताना मात्र शेजारच्या डब्याला एका बाजूला रेटतो आणि वळणावर वाघीण रूळ सोडते. शिवाय खऱ्या कपलरशी त्याचं काडीचंही साम्य नाही.

खरा अमेरिकी कपलर दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसा जुळतो. ईली जॅनीने त्याचं पेटंट घेतलं १८७३ साली. त्याआधी दोन डब्यांच्या मध्ये उभं राहून हाताने खीळ घालावी लागे. त्यात कामगारांची बोटं जात, कधी जीवही. तरी रेल्वे कंपन्यांना स्वयंचलित कपलर लावायला भाग पाडणारा कायदा व्हायला १८९३ उजाडलं. तळघरात असा कायदा नाही. तिथे ते काम आगगाडी-क्लबातले मित्र करतात. ते तुमच्या हॉर्न-हूककडे बघतात आणि काही बोलत नाहीत.

यावर उतारा एकच : केडी कंपनीचा कपलर. ओरेगनमधल्या कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं हे नाव. दुकानात जाऊन ‘पाच नंबर’ एवढंच म्हणावं. जास्त बोलणारा नवखा ठरतो.

आता कृती. प्रथम डायनिंग टेबल ताब्यात घ्यावं. त्यावर वर्तमानपत्र अंथरावं, म्हणजे आपल्याला टेबलाची काळजी आहे असं दिसतं. डबा उताणा करावा. जुन्या स्वस्त संचांत कपलर डब्याला नसून खालच्या चाकांच्या सांगाड्याला, म्हणजे बोगीलाच, चिकटलेला असतो. त्यामुळे ढकलताना अख्खी बोगी तिरकी होते. इथे उतावळे लोक करवत काढतात. आपण काढू नये. बोगी सोडवून तिच्या जागी बिनहाताची नवी बसवावी. मग डब्याच्या पोटाला भोक पाडून, आटे पाडून केडीची चपटी डबी स्क्रूने आवळावी. आत कांस्याच्या पट्टीची स्प्रिंग, तिच्यात कपलर, वर झाकण. फार आवळल्यास कपलर डुलत नाही आणि न डुलणारा कपलर हॉर्न-हूकपेक्षा वाईट. आत तेल घालू नये, ग्रॅफाइटची कोरडी पूड घालावी. तेलाला धूळ चिकटते.

कपलरच्या बोटामागे डासाच्या सोंडेएवढी एक स्प्रिंग असते. ती निसटते. जाणकार हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करतात, म्हणजे निसटली तरी पिशवीतच राहते. पिशवी न वापरणाऱ्याने गुडघे टेकून गालिचा चाचपावा. त्याला आजची स्प्रिंग मिळत नाही, मागच्या डब्याची मिळते.

पुढे उंची. सगळे कपलर एका उंचीवर हवेत, त्यासाठी मापाचा ठोकळा मिळतो. डबा खाली बसला असेल तर बोगीवर कागदासारखा पातळ वॉशर घालावा. कपलरखाली लोंबणारी पोलादी तार रुळाला लागता कामा नये. लागली तर पहिल्याच सांध्यावर अडकेल.

एवढं झाल्यावर लक्षात येईल की हा डबा आता बाकीच्या कुठल्याच डब्याला जोडता येत नाही. घाबरू नये. एका टोकाला जुना आणि दुसऱ्या टोकाला नवा कपलर असलेला एक मध्यस्थ डबा तयार करावा. ‘तात्पुरता’ म्हणून केलेला हा डबा कायम राहतो. नाहीतर सगळेच डबे बदलावेत, आणि खर्चाचा आकडा घरात सांगताना तो दर डब्यामागे सांगावा.

केडीची खरी किमया सोडवण्यात आहे. रुळांच्या मध्ये बसवलेल्या चुंबकावर गाडी थांबवून किंचित मागे घेतली की त्या तारा बाजूला ओढल्या जातात आणि डबे हात न लावता सुटतात. पोलादी आसांचे हलके डबे मात्र चुंबकाकडे आपणहून सरकतात. शेवटी बहुतेक जण स्वयंपाकघरातून कबाबची बांबूची काडी आणतात, दोन कपलरांच्या मध्ये खुपसून फिरवतात आणि मोकळे होतात. माझ्या मते हीच सर्वोत्तम पद्धत; चुंबकाचे पैसे वाचवावेत.

उतरवलेल्या जुन्या बोग्या आणि हॉर्न-हूक मात्र फेकू नका. नाव लिहिलेल्या पाकिटात डब्यासोबतच ठेवा. कधी विकायला काढलात, तर जुन्या गाड्यांचं गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं.