पलंग कोण उचलते?

‘भूलभुलैया’चा पहिलाच भाग खरा, पुढचे दोन म्हणजे नुसता गल्ला, हे मत मी सौंसरच्या टपरीवर, पांढुर्ण्याच्या लग्नात आणि एकदा तर तेरवीच्या पंगतीतही मांडलं आहे. या मताची खुबी अशी, की ते मांडणारा आपोआप हुशार दिसतो. दुसरा भाग आवडला म्हणणारा पब्लिकमध्ये जमा, पहिला आवडला म्हणणारा रसिक. त्यावर ‘मूळ मल्याळम पाहिलाय का?’ असं हळूच विचारलं की समोरचा भज्यांची प्लेट आपल्याकडे सरकवतो. फाझिलचा 1993 सालचा ‘मणिचित्रताळ’, शोभनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा. तो मी खालच्या इंग्रजी ओळींच्या आधारानं पाहिला आहे, म्हणजे निम्मा वाचला आहे. पण हे भज्यांच्या वेळी सांगत बसत नाही.

माझ्या या दबदब्याला एकच भोक आहे, माझा भाचा. नागपूरला इंजिनिअरिंग करतो आणि सुट्टीत येऊन माझी इज्जत काढतो. “मामाजी, 2004 चा कन्नड ‘आप्तमित्र’ पायला का? अन् 2005 चा ‘चंद्रमुखी’?” मग तो पुढची वंशावळ म्हणतो. कन्नडात पुढे ‘आप्तरक्षक’ निघाला, तमिळमध्ये ‘चंद्रमुखी 2’, आणि प्रियदर्शननं 2013 मध्ये मूळ सिनेमातला मोहनलालचा डॉक्टर उचलून मल्याळम ‘गीतांजली’त नेला. एका नाचणारीच्या भुताचं एवढं खानदान वाढलं आहे, की त्यांच्या घरच्या लग्नपत्रिकेत ‘आपले नम्र’खाली पान पुरणार नाही. आमच्याकडे भाग दोनची हौस सरकारलाही आहेच. छिंदवाड्यातून 2023 साली पांढुर्णा जिल्हा निघाला, तेव्हापासून मी पत्ता लिहिताना दोनदा थांबतो.

असो. मुद्दा पलंगाचा आहे.

विद्या बालनची अवनी दागिने घ्यायला निघते, नवरा नको म्हणतो, तिचे डोळे बदलतात आणि ती तो भलामोठा पलंग उचलून धरते. या प्रसंगावर आमच्यात तीन तट आहेत. पहिल्याचं म्हणणं, माथं फिरलं की अंगात दहा माणसांचं बळ येतं. दुसऱ्याचं म्हणणं, वरून तार बांधली होती. तिसरा तट म्हणजे मी एकटा. मी म्हणतो, दिग्दर्शकाची चोरी नेमकी इथेच सापडते. भूत नाही म्हणायचं आणि ताकद मात्र भुताची दाखवायची! हे सिद्ध करायला मी एका दुपारी घरचा पलंग पुढे केला. आजोबांच्या वेळचा, अस्सल सागवानी. खालच्या पेटीत तांब्याची भांडी, वडिलांच्या शेताच्या पावत्या, संत्र्याच्या बागेतली गंजलेली कैची आणि कोणीच न विचारलेली एक सतरंजी. टेम्पोतून उतरवायला चार बाप्ये लागले होते आणि त्यातल्या एकानं आठवडाभर कंबर शेकली. लांबी, रुंदी, सागाचं वजन, सगळं मी भाच्याला समजावून सांगत होतो. एका माणसानं, त्यातही नाजूक बाईनं, हा पलंग उचलणं विज्ञानाच्या कोणत्याही नियमात बसत नाही, असा मी समारोप केला.

आत्याबाई बाजूला तूर निवडत बसल्या होत्या. सुपातला खडा बाहेर टाकत म्हणाल्या, “दिवाळीले याच्या खालचं कोन झाडते?”

आम्ही गप्प.

“पाय उचलल्याबिगर झाडू जाते का खाली? चाळीस वर्सं झाली. तवा तं कोनी नाई म्हनलं, बाईच्या अंगात आलं म्हनून.”

भाच्यानं लगेच मोबाइल काढला, “आजी, एकदा उचला नं, व्हिडिओ काढतो.” आत्याबाईंनी त्याच्यावर तुरीचा दाणा फेकला. पुढच्या आठवड्यात टपरीवर मी हाच मुद्दा माझा म्हणून मांडला. बाईचं बळ रागावल्याशिवाय कोणाला दिसत नाही, वगैरे. चांगली दाद मिळाली.

तर पुढचे भाग. पहिल्यात, 2007 मध्ये, हवेलीतला गुंता सोडवायला मानसोपचाराचा डॉक्टर येतो, अक्षय कुमार. 2022 मध्ये त्याच नावाच्या सिनेमात रूह बाबा येतो, भुतं दिसतात असं खोटंच सांगणारा, आणि मग भूत खरंच निघतं. पंधरा वर्षांत डॉक्टरची नोकरी भोंदूनं घेतली, तीही हिरो म्हणून, आणि शिट्ट्या पडल्या. त्यातली एक माझी होती, पण ती तब्बूला. 2024 च्या तिसऱ्या भागात विद्या परत आली, सोबत माधुरी दीक्षित. माधुरी नाचायला लागली की मराठी माणसाची समीक्षा तशीही अर्ध्यावर थांबते.

हे सगळं मी जामसांवलीत राहून बोलतो, जिथे अंगात आलेल्यांना मारुतीसमोर आणतात, ही खरी पंचाईत. नागपूरचे पाहुणे ऐकून घेतात आणि डोळा मारतात, “तुमच्याकडे काय, दर शनिवारी फुकटात पिक्चर!” हे वाक्य मात्र मला सहन होत नाही.

पिंपळाखाली आमचा मारुती आडवा झोपलेला आहे. त्याच्यासमोर केस सोडून घुमणारी एक बाई मी पाहिली. तिचा नवरा तिच्या चपला काखेत धरून उभा होता. हाताला काच लागू नये म्हणून तिच्या बांगड्या त्यानं आधीच उतरवून रुमालात बांधल्या होत्या. ती जरा थांबली की रुमालाची गाठ सोडून बघायचा, एखादी पिचली तर नाही ना. मग परत बांधायचा. यात पिक्चर कुठे आहे, मला दिसला नाही. मारुतीच्या दर्शनाला चाललो, हे चारचौघांत सांगता येतं. नागपूरला मनाच्या डॉक्टरकडे जायचं तर दाढदुखीचं निमित्त काढावं लागतं.

म्हणून हल्ली मला पहिल्या भागाचं वेगळंच काही आवडतं. त्यातला डॉक्टर भूत उतरवायला आलेल्या आचार्यांना हाकलत नाही. ते आचार्य म्हणजे आपले विक्रम गोखले. दोघं मिळून डाव रचतात, फिरत्या फळीवर नवऱ्याच्या जागी पुतळा येतो, त्या नाचणारीचा, मंजुलिकेचा, सूड पुरा होतो आणि अवनी वाचते. खऱ्या जगातही गुजरातेत मीरा दातारच्या दर्ग्यात दवा आणि दुआ अशी शेजारी बसवून पाहिली गेली आहे. आणि तमिळनाडूतल्या एरवाडीत 2001 च्या ऑगस्टमध्ये आग लागली, तेव्हा दुआसाठी आणलेले पंचवीसहून जास्त मनोरुग्ण साखळदंडातच जळाले. 2017 च्या कायद्यानं साखळीला बंदी आहे. यावर कोणी भाग दोन काढत नाही.

परवा टीव्हीवर पहिला भाग पुन्हा लागला. मी आवाज कमी करून चौथ्या भागाची माझी कल्पना सांगत होतो. डॉक्टर परत आणायचा, हवेली सोडून गोष्ट इकडे आणायची, भूत अजिबात नाही.

“मंग पाहीन कोन?” भाचा म्हणाला.

तेवढ्यात पलंगाचा सीन आला. आत्याबाईंनी रिमोट घेऊन आवाज वाढवला, शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, “त्या पोरीले दागिन्याच्या दुकानात जाऊ देलं असतं, तं काय बिघडत होतं?”

“मंग पिक्चरच झाला नसता, आजी. पुढचे दोन बी नाई.”

“नसते तं नसते.”