आकाशातली उमेदवारी

आमच्या लातूर जिल्ह्यातल्या चाकूरचे नाव जमिनीवरून दिल्लीपर्यंत कोणी पोचवले हे साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु ते आकाशात पोचवण्याचे श्रेय आमच्याच घराण्याकडे यायचे आहे अशी माझी खात्री, पुतण्याच्या हाती व्यावसायिक वैमानिकाचा परवाना पडल्यापासून, इतकी दृढ झाली की बसस्थानकासमोरच्या हॉटेलात कोणी पावसाचा, सोयाबीनच्या भावाचा किंवा स्वतःच्या गुडघ्याचा विषय काढला, तरी तो दोन वाक्यांत विमानापर्यंत आणून सोडण्याचे कसब मला साध्य झाले. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसास ‘साहेब’ म्हणणारे पुष्कळ भेटलेले असतात, पण ती हाक खुर्चीची असते आणि खुर्चीबरोबर कचेरीतच राहते. ‘कॅप्टनचे काका’ ही पदवी मात्र सेवानिवृत्तीनंतर लाभलेली, म्हणून तहहयात होती.

या पदवीस पहिला धक्का दिला तो माझ्या धाकट्या भावाने, म्हणजे खुद्द कॅप्टनच्या तीर्थरूपांनी. ऑस्ट्रेलियात शिकून परवाना मिळवलेला मुलगा तिकडच्याच एका क्लबात ‘टो पायलट’ झाल्याची वार्ता फोनवर आली, तेव्हा मी भावास सविस्तर समजावून सांगितले, की ग्लायडर नामक विमानास इंजिन नसते, ते आपण होऊन जमीन सोडू शकत नाही, सबब दुसरे इंजिनवाले विमान त्यास साठेक मीटरांच्या दोराने बांधून दोन हजार फुटांवर नेते, आणि तिथे ग्लायडरवाला दोर सोडून, तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या आधाराने, घारींच्या संगतीत तासन्‌तास विहरतो.

“आन् आपलं पोरगं?”

“ते खाली येतं. पुढचं ग्लायडर न्यायला.”

“म्हंजी चिखलात गाडी रुतल्यावर म्होरं दुसरी बैलजोडी जुपतेत, ते काम करायलंय म्हना की. पगार काय देतेत?”

पगार नव्हता. अशा क्लबांचा गाडा बहुधा हौशी सभासदांच्या श्रमावर चालतो. ओढणाऱ्यास मोबदला मिळतो तो उड्डाणाच्या तासांचा, आणि हे तासच नवख्या वैमानिकाचे खरे भांडवल. आपल्याकडे व्यावसायिक परवाना २०० तासांच्या उड्डाणावर मिळतो खरा, पण परवाना आणि नोकरी यांच्यामधले अंतर चाकूर ते लातूर एवढे नसते. अमेरिकेत तर प्रवासी विमानाच्या सहवैमानिकासही सामान्यतः १५०० तासांची अट २०१३ पासून लागू आहे. विमान भाड्याने घेऊन तास जमवू म्हटले तर घरदार गहाण पडेल. त्यापेक्षा दुसऱ्याच्या पेट्रोलवर दुसऱ्याचे ओझे ओढावे. त्यातही एक खेप आठ-नऊ मिनिटांची, म्हणजे दिवसभरात वीसदा चढून उतरले तरी लॉगबुकात जेमतेम तीन तास पडतात.

बरे, ओढणाऱ्या विमानाचा थाट तरी असावा! पुतण्याने फोटो पाठवला तो ‘पॉनी’ नावाच्या विमानाचा, जे मुळात पिकांवर औषध फवारण्यासाठी बनवलेले असून वैमानिकाच्या पुढ्यात औषधाची टाकी असावी अशीच त्याची रचना आहे. इंजिन २३५ अश्वशक्तीचे, आसन मात्र एकच; त्यामुळे पुतण्याच्या शेजारी बसून ढगांवरून चाकूरच्या दिशेने हात हलवण्याचा जो मनोरथ मी वर्षभर जोपासला होता तो परस्पर निकालात निघाला. हॉटेलात मी फवारणीचा तपशील गाळला. १९२७ साली जर्मनीत कासेलला गेरहार्ट फीझेलरने एस्पेनलाउबचे ग्लायडर असेच ओढले होते आणि पुढे त्याच फीझेलरने स्वतःच्या नावाचा विमानांचा कारखाना काढला, एवढा इतिहास मात्र मी न विचारता सर्वांस ऐकवला.

वास्तविक उमेदवारी आमच्या घरास नवी नाही. आणि विषय निघालाच आहे तर आमच्या वडिलांविषयी दोन शब्द सांगतो, जे दोन शब्द, पुतण्याच्या मते, मी नेहमी पाऊण तास सांगतो. निजामी अमलात, बीदर जिल्ह्यातील उदगीरच्या तहसिलीत वडील बिनपगारी उमेदवार होते. कारभार उर्दूत. सकाळी सर्वांच्या आधी जाऊन दौती धुवाव्या, बोरू तासावे, कागदांस समास पाडावे, दिवसभर पेशकारसाहेबांसाठी नकला उतराव्या, आणि तनख्याच्या दिवशी, आपला काडीचा संबंध नसताना, इतरांना रक्कम मोजून घेण्यास साहाय्य करावे, असा शिरस्ता. कोणी बडतर्फ झाल्यावाचून, बदलून गेल्यावाचून किंवा अल्लाला प्यारा झाल्यावाचून जागा रिकामी होत नसे. त्यामुळे कचेरीतल्या लहानथोरांच्या प्रकृतीची चौकशी उमेदवाराइतक्या आस्थेने दुसरे कोणी करीत नसे. तिथे एक दमेकरी मुहर्रिर होते, ज्यांच्या खोकल्यावर आमच्या आजीने साऱ्या संसाराचा आराखडा बांधलेला होता. वडिलांना त्या गृहस्थांची दया आली, त्यांनी घरून अडुळशाचा काढा नेण्यास आरंभ केला, आणि तो माणूस ठणठणीत बरा होऊन वर्षानुवर्षे हिंडता-फिरता राहिला. आजीने काढ्याचे भांडे पुन्हा चुलीवर चढू दिले नाही. अखेर जागा मिळाली, उर्दूची मोड वळणावर आली, तोच सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानच गेले, पुढे दप्तराची भाषा बदलली, आणि वडील मुलाबाळांदेखत पुन्हा बाळबोध अक्षर गिरवू लागले. तक्रार त्यांनी कधी केली नाही. फक्त नवा उमेदवार दिसला की त्यास स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी देत.

पुतण्याच्या उमेदवारीत भाकरीपेक्षा मोठा प्रश्न दोराचा असतो. मागचे ग्लायडर हलके, ते आधी जमीन सोडते. मागच्या गड्याने त्या वेळी गाफीलपणे ते भरकन वर उचलले तर पुढच्या विमानाची शेपटी वर ओढली जाते, नाक जमिनीकडे वळते आणि उंची इतकी थोडी असते की सावरण्यास अवधी उरत नाही. म्हणून दोरात ठरावीक ताणास तुटणारा एक कमजोर दुवा मुद्दाम ठेवतात, आणि ओढणाऱ्याचा हात दोर सोडण्याच्या खटक्यापासून दूर नसतो. हे त्याने मला सांगितले, आईस सांगितले नाही. मीही सांगितले नाही.

आणि दुसरा प्रश्न भावाच्या जमिनीच्या उताऱ्याचा. महसुलात आयुष्य घालवून मी असे हजारो उतारे नजरेखालून घातले, ‘इतर अधिकार’ या सदरातल्या बोजाच्या नोंदी निर्विकारपणे तपासल्या. परंतु विहिरीखालच्या त्या रानाच्या सातबाऱ्यावर, आमच्या वडिलांच्या नावाखालून भावाकडे आलेल्या त्या गटावर, पुतण्याच्या शिक्षणासाठी काढलेल्या बँकेच्या कर्जाची ओळ प्रथम वाचली तेव्हा चष्मा पुसून पुन्हा वाचली. मुलांना डॉक्टर-इंजिनिअर करण्यात लातूरचा लौकिक आहे. तिथल्या भिंतींवर आता पांढऱ्या सदऱ्यातल्या हसऱ्या कॅप्टनचेही चित्र लागते, ज्यात नोकरी हा शब्द हातभर आणि तासांची अट मुंगीच्या पावलाएवढी असते. त्या चित्राखाली उभ्या राहिलेल्या एखाद्या बापास हटकावे असे मला फार वाटते. पण हटकणाऱ्याचाच पुतण्या कॅप्टन असल्यामुळे त्याचे कोणी ऐकत नाही.

या सगळ्याचा उलगडा व्हावा म्हणून मी पुण्यास हडपसरला गेलो, जिथे १९५० साली सरकारी ग्लायडिंग केंद्र सुरू झाले. मी पाहिले तिथे ओढणारे विमान नव्हतेच. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच, तो लांबलचक तार सरसरा गुंडाळतो आणि ग्लायडर पतंगासारखे वर चढते. मला आत बसवले. लाखो रुपयांच्या त्या यंत्रात, डोळ्यांसमोर, काचेवर बाहेरून चिकटवलेला वीतभर लोकरीचा धागा होता; विमान तिरके चालले की धागा कलतो, सरळ चालले की सरळ राहतो. तार सुटल्याचा खटका झाला, नंतर नुसता वारा. उतरल्यावर वैमानिकाशी हस्तांदोलन करण्यास चारजण पुढे सरसावले, त्यांत मीही होतो. विंचवाल्याकडे कोणीच गेले नाही, आणि परतीच्या गाडीत ते मला लातूररोडपर्यंत टोचत राहिले.

सध्या पुतण्याच्या लग्नाचे पाहतो आहोत. बायोडाटा मीच लिहिला. व्यवसायाच्या रकान्यात ‘वैमानिक (परदेश)’ एवढाच मोघम मजकूर ठेवला. निलंग्याकडचे एक पाहुणे आले, ते वीज मंडळातून निवृत्त, म्हणजे माझ्याच तोडीचे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सरळ विचारले, “दोर तुटला तर नुकसानभरपाई पोराच्या पगारातून कापतात का हो?”

“छे!” मी ताठ बसून म्हणालो, “पगारच नसल्यामुळे कपातीचा प्रश्न उद्भवत नाही.”

त्यांचा अद्याप उलट जबाब आलेला नाही.