पैसा शे, पन तो दूधना शे

आमच्या शिंदखेड्यात आप्पा गल्लीला दोन तरी निघतात. त्यातला पाकीटवाला आप्पा ओळखायचा असेल तर वीस तारखेनंतर त्याच्याकडे शंभर रुपये उसने मागा. कंजूष माणूस नाही म्हणतो, दिलदार माणूस देतो. पाकीटवाला आप्पा तुम्हाला ओट्यावर बसवतो, चहा पाजतो आणि खरं ते सांगतो : "पैसा शे, भो. पन तो दूधना शे."

मी सांगतोय ते आप्पा रेल्वेत पॉइंट्समन होते, म्हणजे आपले सांधेवाले. स्टेशन सुरत-भुसावळ लाईनीवरचं, एका अंगाला दोंडाईचा, दुसऱ्या अंगाला नरडाणा. एकेरी लाईनीवरचा टोकनचा कायदा कडक. लोखंडी गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी पुढे न्यायची नाही, आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. पुढे लाईन दुहेरी झाली, आप्पा निवृत्त झाले, पण डोक्यातलं टोकन काही निघालं नाही. पेन्शनीबरोबर तेही घरी आलं.

पाकिटं अकरा. एकही विकत आणलेलं नाही. दोन लेकींच्या लग्नात आलेला आहेर वहीत उतरवून झाल्यावर जी रिकामी पाकिटं उरली, तीच ही. सोनेरी गणपती आणि कपाळाला चिकटवलेला रुपया. गणपतीच्या पायाशी निळ्या बॉलपेनने लिहिलंय : दूध, किराणा, गॅस, लाईट, दवाखाना, आहेर, कानबाई वगैरे. कपाळावरचा रुपया हिशेबात धरलेला असतो, त्यामुळे आप्पांचं कुठलंही पाकीट कधी रिकामं होत नाही. दवाखान्यात काही उरलं नाही, असं ते म्हणत नाहीत. "दवाखान्यात रुपया आहे," म्हणतात. पाकिटाचं तोंड मात्र चिकटवायचं नाही. चिकटवलं की तो आहेर झाला, आणि आहेर दुसऱ्याचा असतो.

पेन्शन जमा झाली की आप्पा बँकेत जातात. स्लिपेबरोबर एक चिठ्ठी असते : पाचशेच्या इतक्या, शंभराच्या इतक्या, पन्नासच्या इतक्या, वीसच्या इतक्या. मागची रांग आधी खोकते, मग बोलते, मग आप्पांकडे बघून गप्प होते. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा देश रांगेत उभा होता तसे आप्पाही होते, पण त्यांच्या हातात चार भरणा स्लिपा होत्या. किराण्याच्या नोटांची एक, दवाखान्याची एक, आहेराची एक, कानबाईची एक. कॅशियर म्हणाला, काका, खातं एकच आहे, एका स्लिपेवर भरा. आप्पांनी त्याच्याकडे, रूळ न बदलता सिग्नल पाडणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

पाकिटांमध्ये उसनवारी चालते, पण कागदोपत्री. किराण्याने दुधाकडून साठ रुपये घेतले की दुधात चिठ्ठी पडते : "किराणा देणे लागतो." खाली सही आप्पांची, साक्षीदारही आप्पाच. एकदा लाईटने किराण्याला नकार दिला होता. आधीचे चाळीस परत आले नव्हते म्हणे. जिजींनी, म्हणजे आप्पांच्या बायकोने, त्या आठवड्यात तीन वेळा पिठलं केलं.

कानबाईला मात्र कोणी हात लावायचा नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, भाऊबंद जमतात, रोट होतात. ते पाकीट आप्पा चप्पल काढून उघडतात.

सगळ्यात कठीण पाकीट 'अचानक'. त्यातून पैसे काढायचे तर खर्च खरोखर अचानक आलाय हे सिद्ध करावं लागतं. सुरतेचे पाहुणे न कळवता आले, शेवभाजीला शेव आणायची होती. आप्पा म्हणाले, पाहुणे दरवर्षीच न कळवता येतात, त्यात अचानक काय? वळवाच्या वादळात पडवीचा पत्रा उडाला. "वारा यायचा हे आपल्याला माहीत होतं." एवढ्या वर्षांत ते पाकीट दोनदाच उघडलं असेल. माझ्या मते तेच आप्पांचं खरं बचत खातं आहे, पण हे त्यांना सांगायची सोय नाही. लगेच नाव बदलावं लागेल.

मुलगा सुरतेला कापडाच्या मार्केटात. तो तिथून मोबाईलवर लाईटबिल भरून टाकतो. तरीही आप्पा दर महिन्याला बिलाइतक्या नोटा लाईटच्या पाकिटात घालतात आणि दिवाळीला मुलगा आला की त्याच्या हातात ठेवतात. तो घेत नाही. मग ते पैसे 'मुलगा घेत नाही' या पाकिटात जातात. ते अकरावं.

मीही हसायचो. माझ्या मोबाईलवर टिंग वाजतं आणि पैसे जातात. कुठे गेले ते मोबाईलला माहीत असतं, मला नसतं. मग वीस तारखेनंतर मी आप्पांच्या ओट्यावर चहा पितो. वरचं दुधाचं वाक्य मला तिथेच मिळालं.

नातीने एकदा त्यांना व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतली एक मुलगी प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटांत मोजून नोटा भरत होती, तिकडे म्हणे याची फॅशन आली आहे. आप्पांनी चष्मा वर केला. "आरपार दिसस! मंग घरमा समदासले कळी जाई ना, मजार कितला शेतस ते!" नात अर्थशास्त्र शिकते. ती म्हणाली, आप्पा, माणूस मनातल्या मनात पैशाचे असेच कप्पे करतो, यावर रिचर्ड थेलरने आयुष्यभर काम केलं, 2017 चं नोबेल मिळालं त्याला. आप्पांनी एकच विचारलं, "त्याले पगार रोखमा भेटे का?"

आणि मग यंदाची आखाजी आली.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पितरांना घागर भरतात आणि त्या दिवसापासून आंबा सुरू होतो. पुरुष पत्ते कुटतात. एरवी पत्त्यांना शिव्या घालणारी माणसंही त्या दिवशी मांडी घालून बसतात. आप्पांचं त्यासाठी पाकीट आहे : 'आखाजी हार'. एकावन्न रुपये, पन्नासची नोट आणि कपाळावरचा रुपया. दरवर्षी ते बरोबर पन्नास हरतात आणि रुपया वाचवून उठतात.

यंदा जिंकले. सहाशे चाळीस.

आप्पा नोटा मुठीत धरून घरी आले आणि ओसरीवर उभेच राहिले. 'हार' या पाकिटात जीत ठेवता येईना. 'अचानक' हे खर्चाचं पाकीट, जमेचं नाही. कानबाईला पत्त्यांचा पैसा चालणार नाही. नात म्हणाली, नोबेलचे पैसे कसे उडवणार असं थेलरला विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, जमेल तितक्या अविचाराने. "त्याना घर पाकीट नसतीन," आप्पा म्हणाले, पण आवाज खोल गेला होता. रात्री दोन वाजता ते जिजींना उठवून विचारत होते, "जिकेल पैसा कोठे ठेवू?"

जिजींनी हात पुढे केला. आप्पांनी नोटा दिल्या आणि झोपले.

सकाळी ट्रंकेत बारा पाकिटं होती. बाराव्यावरही तोच सोनेरी गणपती, तोच रुपया, खाली जिजींच्या वेड्यावाकड्या अक्षरात एक शब्द : 'मनं'. म्हणजे माझं. आत किती आहेत ते आप्पांना अजून कळलेलं नाही. पाकीट चिकटवलेलं आहे.