आपल्या कानापुरता रॉकस्टार

रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की शहरातल्या बऱ्याच बेडरूममध्ये हा गृहस्थ मैफल मांडून बसतो. वय पंचवीस ते पंचेचाळीस, नोकरी बहुधा आयटीतली, मांडीवर इलेक्ट्रिक गिटार. गिटारची वायर एका चिमुकल्या इंटरफेसमध्ये, इंटरफेस फोनमध्ये, फोनमधून निघालेला हेडफोन कानांवर. त्या कानांत स्टेडियम दणाणत असतं. घरच्यांना ऐकू येते फक्त तारांवरची पिकची टिकटिक. या गिटारला पोकळ पोट नसतं. पोलादी तार हलली की चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात विजेची बारीकशी लहर उठते, आणि ॲम्पने ती मोठी करेपर्यंत मैफल कोणाच्याच कानी पडत नाही. चेहरा मात्र सगळ्यांना दिसतो : ओठ दुमडलेले, मान मागे, दाढ उपटून घेताना होतो तसा.

सोसायटी त्याला गुणी मुलगा म्हणते. शेजाऱ्यांना त्रास नाही, हे खरंच. पण त्याची किंमत तो स्वतः मोजतो, असं माझं म्हणणं आहे. चाळीत पेटी शिकणाऱ्याला भिंतीपलीकडे फुकटचे परीक्षक असत. एकच पलटा महिनाभर चुकतोय, हे त्याला कोणीतरी सुनावायचंच, आणि गोड शब्दांत नाही. हेडफोनने हा परीक्षक हाकलला आणि त्याच्या जागी फोनवरच्या, ॲम्पची नक्कल करणाऱ्या ॲपमधला खुशमस्कऱ्या आणून बसवला. डिस्टॉर्शन वाढवलं की दुबळा सूर आणि ठाम सूर सारखेच दांडगे वाटतात, रिव्हर्ब टाकला की दोन सुरांमधली फट बुजते, नॉइज गेटने मधली खरखर नाहीशी होते. मग पाऊण तास ॲम्पचं मॉडेल निवडण्यात जातो आणि पंधरा मिनिटं वाजवण्यात. बोटांना घट्टे पडतात. त्यातले काही स्क्रीन सरकवून पडले असावेत.

ताल चुकला तर दोष लेटन्सीचा, म्हणजे सूर कानी उशिरा पोचण्याचा. ब्लूटूथ हेडफोन असेल तर हे मान्य. तिथे सूर शंभर मिलिसेकंदांहूनही उशिरा पोचू शकतो आणि त्यावर कोणीच वाजवू शकणार नाही. पण वायरवाल्या चांगल्या जोडणीत उशीर १० मिलिसेकंदांच्या आसपास आणता येतो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज साधारण साडेतीन मीटर जातो. रंगमंचावरचा वादक आपल्या ॲम्पपासून तितक्या अंतरावर उभा राहून बिनतक्रार वाजवतो.

कोणी म्हणेल, रियाज एकांतातच करायचा असतो. असतो, पण त्यानंतर गुरूपुढे बसावं लागतं. कोणी म्हणेल, फोनवर रेकॉर्डिंग होतं की! होतं; मात्र ते ऐकणाराही हाच, त्याच हेडफोनमधून, त्याच रिव्हर्बसकट. इफेक्ट काढून कोरडं ऐकायची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते. तिकडे त्याचं बोट सहसा वळत नाही.

यात यंत्राचा दोष नाही, हेही सांगायला हवं. 'बॉस्टन' बँडच्या टॉम शोल्झने, हा मनुष्य एमआयटीचा इंजिनिअर, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला 'रॉकमन' नावाचा पट्ट्याला अडकवायचा हेडफोन ॲम्प काढला होता. डेफ लेपर्ड बँडच्या १९८७च्या 'हिस्टीरिया' अल्बममधल्या बऱ्याचशा गिटारी रॉकमनमधून गेल्या. म्हणजे एवढ्याशा डबीतूनही अल्बम होतो. फक्त तिथे पलीकडे मट लँगसारखा, एकेक सूर पुन्हा वाजवायला लावणारा निर्माता बसलेला होता.

आमच्या गृहस्थाला असा निर्माता परवडणारा नाही, पण आतल्या खोलीत सासूबाई आहेत. आठवड्यातून एकदा साध्या स्पीकरला वायर लावून, एकही इफेक्ट न घेता दहा मिनिटं वाजवलं तरी पुरे. यावर तो म्हणतो, त्यांना रॉक कळत नाही. न कळू दे. गाडी ताल सोडून चाललीय हे त्यांना पहिल्या मिनिटात कळेल, आणि त्या ते बोलूनही दाखवतील.