चौकशीची साधने

आमच्या कचेरीत आलेल्या टपालाचा निकाल वेळेवर का लागत नाही, हे शिपायापासून शिरस्तेदारापर्यंत प्रत्येकास ठाऊक असतानाही ते शास्त्रीय पद्धतीने शोधून काढावे असा हुकूम वरून सुटला, आणि अक्षर बरे असल्याच्या एकमेव गुणावर चौकशी समितीचे चिटणीसपद माझ्या गळ्यात पडले. माणसांना विचारावे, त्यांच्याकडे पाहत बसावे, की दप्तरातील कागद उपसावेत, हे आधी ठरवावयाचे होते.

अध्यक्ष रावसाहेबांची सारी भिस्त छापील प्रश्नावलीवर. ‘आपण टपालाचा निकाल त्याच दिवशी लावता काय?’ या प्रश्नास आलेली उत्तरे इतकी एकमुखाने होकारार्थी होती, की कचेरीत दिरंगाई होते ही मुळात अफवाच असावी, असे त्यांस वाटू लागले. न आलेल्या उत्तरांचा माग काढला तेव्हा उलगडा झाला : ज्यांच्या मेजांवर कागदांचे डोंगर साचले होते, त्यांच्या प्रश्नावल्या त्याच डोंगरांत गडप झाल्या होत्या. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या, २३ लाखांवर परत आल्या, त्यांवरून लँडन निवडून येणार असे भाकीत केले, आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून मोकळे झाले. ज्यांनी साप्ताहिकाला उत्तर पाठविले नव्हते, त्यांनी मत मात्र दिले होते. हा दाखला मी रावसाहेबांपुढे ठेवला. ‘‘अहो, ते अमेरिकेत,’’ ते म्हणाले, ‘‘इकडे माणसे हुकमाप्रमाणे उत्तरे देतात.’’ दुखणे नेमके तेच होते.

मग मुलाखती झाल्या. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, आणि ठरीव प्रश्न बाजूस सारून कामगार मनातलेच बोलू लागतात असे दिसल्यावर नुसते ऐकून घेण्याचा परिपाठ पडला. आम्हीही ऐकून घेतले. आमच्या रेकॉर्डकीपरने टपालाविषयी अवाक्षर न काढता जावयाच्या बदलीची अशी काही रसाळ कैफियत सांगितली, की त्या दिवशी समितीचेच टपाल तुंबले.

उरले निरीक्षण. याच हॉथॉर्नमध्ये दिव्यांचा प्रकाश वाढविला तरी काम वाढे, आणि कमी केला तरी घटत नसे, असे सांगतात. पुढील संशोधकांनी त्या आकड्यांवर पुष्कळ शंका घेतल्या, परंतु कोणी वही घेऊन समोर बसले असता माणूस अधिक टापटिपीने कागद उलटतो, याविषयी निदान माझ्या मनात शंका नाही. यावर तोड म्हणून, इंग्रज संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी कापडगिरण्यांतील कामाकरिता सुचविलेली, अधूनमधून नुसती नजर टाकून नोंद करण्याची पद्धत मी स्वीकारली आणि वेळाही चिठ्ठ्या टाकून ठरविल्या. योजना निर्दोष होती. पण माझ्या कोल्हापुरी वहाणांची करकर जिन्यापासूनच ऐकू येत असल्यामुळे, मी दारात पोहोचेपर्यंत सारी कचेरी ध्यानस्थ ऋषींप्रमाणे कागदांत बुडालेली असे.

शेवटी उपयोगी पडली ती कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याची उधारीची वही. पोऱ्यांनी मधल्यामध्ये पैसे खाऊ नयेत, एवढ्याच हेतूने त्याने प्रत्येक फेरीची वेळ, मेज आणि कपांची संख्या टिपून ठेवली होती. त्यात ना कोणास खूष करावयाचे होते, ना कोणाचा बचाव करावयाचा होता. म्हणूनच दुपारी कोणते मेज रिकामे असते, कोणाच्या मेजाशी दरबार भरतो आणि त्या दरबारात खुद्द रावसाहेब किती वेळ असतात, याची इतकी बिनचूक रुजवात आमच्या मस्टरातही सापडली नसती. तत्त्व म्हणून सांगावयाचे तर, चौकशीसाठी न लिहिलेल्या कागदावर माझा विश्वास अधिक.

परंतु वही तपासली जात आहे ही वार्ता फुटली, आणि दुसऱ्या दिवसापासून सर्व मंडळी मागील बाकी चुकती करून हॉटेलातच जाऊन रोखीने चहा घेऊ लागली. वही कोरी राहिली. अनेक वर्षांची थकबाकी एकदम वसूल झालेल्या हॉटेलवाल्याने कृतज्ञतेने समितीस फुकट चहा पाजला; त्याची नोंद अर्थातच कोठे झाली नाही.