आदी चलत होता मां?

तुमच्याकडे त्यांना अण्णा म्हणत असतील, नाहीतर नुसतं काका. आमच्या मालवणात, धुरीवाड्यात, ते दाजी आहेत. लॅपटॉपचं वायफाय गेलं की दाजींना फोन जातो. त्याआधी घरात थोडा वाद होतो. 'दुसरं कोणी नाही का?' असं कोणीतरी विचारतं, आणि दुसरं कोणी नसल्यामुळे दाजी येतात. येतात म्हणजे पडवीत बसतात. लॅपटॉपकडे ढुंकूनही बघत नाहीत. चहा येईपर्यंत पंख्याचं निरीक्षण करतात, दोन घोट घेतात आणि मग विचारतात,

"आदी चलत होता मां?"

'हो' म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि 'हो' म्हटलं की माणूस अडकला.

"मगे मधी काय केलंस?"

"काय एक नाय, दाजी. रात्री अपडेट आला, तो लागला."

"इलो आणि लागलो! दारात इललो परतेक माणूस तू माजघरात घेतंस काय गो?"

अकराला माझी मीटिंग असते, मुंबईचा माणूस खोळंबलेला असतो, पडद्याच्या कोपऱ्यात वायफायच्या पंख्याऐवजी नुसताच पृथ्वीचा गोल दिसत असतो आणि मी एखाद्या आरोपीसारखी आदल्या रात्रीचा वृत्तांत देत असते. पोलीससुद्धा चहा संपायच्या आत गुन्हा नोंदवून घेतात.

ही चौकशी बहुतेक वेळा बुधवारी होते, आणि तो योगायोग नव्हे. मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुटतात. 2003 सालापासूनचा हा शिरस्ता. तिकडे मंगळवारची सकाळ असते तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते, म्हणजे प्रसाद मिळतो तो बुधवारी. दाजींच्या कालनिर्णयावर संकष्टी, एकादशी आणि दुसरा मंगळवार अशा तीन प्रकारच्या खुणा असतात. दुसऱ्या मंगळवारी ते लवकर जेवून झोपतात. बुधवारी फोन वाजणार हे पक्कं. शिवाय बुधवार हा मासळीचा वार. दाजी पैसे घेत नाहीत, पण जेवणाच्या वेळेपर्यंत दुरुस्ती लांबवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. ज्या घरी सुरमई असते तिथलं वायफाय फार बिघडलेलं निघतं. शाकाहारी घरात ते पाच मिनिटांत लागतं.

"आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख खंय ठरता? देवीक कौल लावन. कॅलेंडरात बघून नाय," ते म्हणतात. "आणि ह्येंका दर म्हयन्याक मंगळवारच व्हयो! कोणाक इचारल्यानी? तुका इचारल्यानी?"

मला विचारलं नव्हतं, हे मला कबूल करावं लागतं.

चौकशी संपली की हात धुऊन, खरोखर हात धुऊन, ते लॅपटॉप मांडीवर घेतात. डिव्हाइस मॅनेजर उघडतात. बाकीच्यांना ती उपकरणांची यादी दिसते, दाजींना तिथे गावरहाटी दिसते. प्रत्येकाचा मान, प्रत्येकाची जागा. 'नेटवर्क अडॅप्टर्स'च्या घरात कुणाच्या डोक्यावर पिवळा त्रिकोण आहे ते बघायचं, आत जायचं, 'ड्रायव्हर' हे पान उघडायचं आणि त्यांचा लाडका खटका दाबायचा: रोल बॅक ड्रायव्हर. नवा ड्रायव्हर जातो, जुना परत येतो, पंखा उगवतो. दाजी मागे रेलून अशा नजरेने बघतात की जणू समुद्रात गेलेला मुलगा त्यांनीच ओढून काढला. एवढ्यावर मात्र भागत नाही. शेजारच्याच 'पॉवर मॅनेजमेंट'च्या पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची संगणकाला मुभा देणारी एक टिचकी असते. नवा ड्रायव्हर आला की ती कधीकधी आपसूक परत लागलेली असते, आणि मग लॅपटॉप जरा डुलकी घेऊन उठला की वायफाय उठतच नाही. दाजी ती टिचकी काढतात आणि म्हणतात, "वीज वाचवक लाईटवाले आसत मां? रोज वाचयतत."

पंचाईत होते ती खटका करडा असला की. यंत्राने आधीचा ड्रायव्हर जपूनच ठेवलेला नसेल तर रोल बॅकचा खटका दिसतो, पण दबत नाही. अशा वेळी दाजींचा आवाज खाली येतो. "जुनो ठेवक नाय मेल्यांनी," असं ते मयताला आल्यासारखं सांगतात. मग जुना ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आणायचा. त्यासाठी इंटरनेट हवं, आणि तेच तर गेलेलं. विहिरीत पडलेली कळशी काढायला कळशीच मागावी, तशातली गत. उपाय आहे: मोबाइल यूएसबीच्या वायरने लॅपटॉपला जोडायचा आणि त्याचा डेटा घ्यायचा, त्याला वायफायचा ड्रायव्हर लागत नाही. हे दाजींनीच मला शिकवलं. पण ते पहिल्या मिनिटाला सांगत नाहीत, जेवणानंतर सांगतात.

हा माणूस वायफायपुरता राहिला असता तर मी हे लिहिलंच नसतं. दाजींनी तो प्रश्न सगळ्या जगाला लावला आहे. औषधांच्या दुकानात रक्तदाबाची गोळी दुसऱ्या रंगाची मिळाली: "आदी चलत होती मां?" तारकर्लीच्या एका खानावळीत सोलकढी पावडरीची निघाली: "आदी नारळ चलत होतो मां?" आचऱ्याच्या एसटीची वेळ बदलली तेव्हा त्यांनी कंट्रोलरच्या खिडकीशी तोच प्रश्न इतक्या वेळा विचारला की त्याने शेवटी 'चौकशी बंद' अशी पाटी उलटवली. आणि एकदा वाडीतलं एक नवराबायकोचं भांडण त्यांच्यापुढे आलं. दाजींनी चहा घेतला, पंखा बघितला.

"आदी चलत होता मां?"

"व्हय," दोघंही म्हणाली.

"मगे मधी काय बदाल झालो?"

बायको गप्प. नवरा हळूच म्हणाला, "आवस ऱ्हवाक इली."

"बघलंस? ड्रायव्हर बदललो," दाजी म्हणाले आणि उठले. रोल बॅक कुणाला करायचं हे त्यांनी सांगितलं नाही. म्हातारी आतच होती.

ह्या प्रश्नाला तोंडावर उत्तर मिळाल्याची घटना माझ्या माहितीत एकच आहे. कोळंबच्या एका मास्तरांचा लॅपटॉप. दाजींनी ड्रायव्हर काढला, घातला, मागे नेला, पुढे आणला. यंत्र पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, ह्याला ते 'भूत उतरवणं' म्हणतात. काही नाही. शेवटी मास्तरांचा पहिलीतला मुलगा समोर बसला होता, त्याच्याकडे बघून दाजींनी वैतागून विचारलं, "आदी चलत होता मां रे?" पोरगं म्हणालं, "व्हय. मगे मी ह्या विमान दाबलंय." वरच्या रांगेतल्या त्या कळीवर विमानाचं चित्र होतं. दाजी त्या दिवशी न जेवता गेले. घरात पापलेट होतं, म्हणजे प्रकरण किती गंभीर ते लक्षात यावं.

त्याची भरपाई नियतीने 19 जुलै 2024 रोजी केली. वार शुक्रवार. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट सोडला आणि जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं निळी पडली. इस्पितळं, बँका, विमानतळ सगळं ठप्प. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देत होते. वायफायशी ह्याचा काडीचा संबंध नव्हता. पण दाजी त्या हस्तलिखित पासाचा फोटो मोबाइलवर घेऊन भरडापासून बंदरापर्यंत दुकानं घेत गेले. जुलै म्हणजे मासेमारी बंद, बंदरात सगळे रिकामेच बसलेले, त्यामुळे श्रोत्यांना तोटा नव्हता. "अपडेट! बघलास? माका येडो म्हणी होतात." खरं तर कोणी म्हणत नव्हतं. पण इतक्या आनंदात असलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

दाजी टेलिफोन खात्यात लाइनमन होते. हे आधी सांगायला हवं होतं, कारण बाकीचं सगळं त्यातून येतं. खांद्यावर वायरीचं वेटोळं, कमरेला पक्कड, सायकल. पावसाळ्यात फोन मुका झाला की हे खांबांच्या रांगेने निघायचे. कुठे माडाचं झावळ पडलेलं, कुठे वेल चढलेली, कुठे वायर कापून नेलेली. "वायर आसा थंय वाट आसा," ते सांगतात. "धरून चलत ऱ्हवायचा. बिघाड खंय तरी गावतोच. आता हवेत खंय चलतलंस?" तरीही ते चालतातच. लॅपटॉप आरतीच्या ताटासारखा दोन्ही हातांत धरून घरभर फिरतात, कारण चिऱ्याच्या जाड भिंतींपुढे 5 गिगाहर्ट्झची लहर दम तोडते आणि 2.4 ची त्यातल्या त्यात तग धरते. हे ज्ञान पुस्तकी नाही, पायांनी मिळवलेलं आहे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं, खांब आडवे झाले, वीज गेली, मोबाइल मुके झाले. आणि त्या टाळेबंदीच्या काळात आपल्या जिल्ह्यातली पोरं रेंजसाठी डोंगरावर चढून अभ्यास करत होती. दाजी तेव्हा निवृत्त होते, खात्याचा त्यांच्यावर कसलाही हक्क उरला नव्हता. तरी पक्कड घेऊन बाहेर पडले आणि ज्यांच्या वायरी तुटल्या होत्या त्यांच्या दारात न बोलावता जाऊन उभे राहिले. त्या दिवसांत त्यांनी कुणालाही तो प्रश्न विचारला नाही, असं म्हणतात. मला खात्री नाही. पण माझ्या दारात विचारला नव्हता एवढं खरं.

मागे फिरणं ड्रायव्हरपुरतंच नसतं. विंडोजची अख्खी नवी आवृत्ती घेतली आणि पटली नाही, तर मागे फिरायला मुदत असते. 2015 साली ती महिनाभराची होती, पुढच्या वर्षी 10 दिवसांवर आणली. एकदा मी म्हटलं, दाजी, दहाच दिवस म्हणजे फारच कमी. ते म्हणाले, "धा बरोबर आसत. आमच्यातय तितकेच. अकराव्याक कोण फिरता?" आणि कळफलकावरची धूळ फुंकत बसले.

त्यांचा स्वतःचा लॅपटॉप मुलाने टाकून दिलेला. त्याचं वायफाय दर थोड्या वेळाने तुटतं, जोडतं, तुटतं. राउटर अंगणापलीकडे पुतण्याच्या घरात. रोल बॅकचा खटका करडा. जुना ड्रायव्हर घालून झाला, टिचकी काढून झाली, भूतही उतरवून झालं. उरलेला उपाय एकच, नेटवर्क रिसेट. सगळ्या वाडीला ते बेलाशक करून देतात, पण स्वतःच्या यंत्राला हात लावू देत नाहीत. दिव्याखाली अंधार, असं मी हसत म्हटलं आणि रिसेटच्या पानावर गेलेसुद्धा. त्यांनी लॅपटॉप माझ्या हातातून काढून घेतला. रागाने नाही, लहान मुलाकडून काचेचं भांडं घ्यावं तसा.

रिसेट केलं की यंत्र आजवर जोडलेली सगळी वायफाय विसरतं. नावं, पासवर्ड, सगळं. दाजींच्या यंत्रातल्या यादीत बांबोळीच्या इस्पितळाजवळची दोन लॉज आहेत. कोल्हापूरचं एक विश्रामगृह आहे. दादरला काकींच्या, म्हणजे दाजींच्या बायकोच्या, बहिणीच्या शेजाऱ्यांचं घर आहे, पणजीतलं एक उडुपी हॉटेल आहे. काकींना घेऊन ते जिथे जिथे गेले तिथे तिथे, लेकीशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून, आधी वायफाय जोडायचे आणि मग बॅग उघडायचे. यादीला तारखा नाहीत. दाजींना त्या पाठ आहेत.

"ही यादी फाईलमध्ये उतरवून ठेवता येते, दाजी. तुम्हीच मला शिकवलंत."

"उतरवन घेटलेली ती झेरॉक्स," ते म्हणाले. "तुका काय काम नाय काय आज? मंगळवार आसा. अपडेट बंद कर जा."

माणूस गोड आहे असं मी म्हणणार नाही. परवाच माझ्या अर्ध्या सुरमईचा फन्ना उडवून वर 'तिखट कमी' असं बजावून गेले. पण त्या मंगळवारी निघताना मी त्यांना लॅनची वायर आणून देऊ का, असं विचारलं, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. वायफाय मेलेलं असू दे, यादी राहू दे, नेट वायरीने येईल. अशी वायर 100 मीटरपर्यंत चालते हे ऐकून त्यांनी तो आकडा दोनदा म्हणायला लावला. कपाटातून जुनी पक्कड निघाली. पुतण्याची खिडकी, फणस, माड, पडवीचा वासा, असा ताण त्यांनी एका दुपारी दिला. प्रत्येक वळणावर खात्याच्या पद्धतीची गाठ. संध्याकाळी शिडीवरून उतरून सगळ्या लांबीखालून दोनदा चालत गेले.

आता पुतण्याची सून त्या वायरीवर टॉवेल वाळत घालते. टॉवेल ओला असला की नेट हळू चालतं, अशी दाजींची तक्रार आहे. तसं काही होत नाही, हे त्यांना सांगायला हवं. पण त्यासाठी पडवीत बसावं लागेल, आणि ती सून चहा फार गोड करते.